पाचव्या कमानीची भिंत

गावाचं नाव सांगत नाही. नांदेड जिल्ह्यातलं, देगलूरच्या बाजूचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. फाइल अजून बंद झालेली नाही आणि मी अजून नोकरीत आहे. ज्यांना ओळखायचं ते सात कमानींवरून ओळखतीलच.

निजामाच्या काळातली ही तहसील कचेरी भर बाजारात आहे. समोर चौक, एका हाताला भुसाराची दुकानं, दुसऱ्या हाताला बसस्टँडकडे जाणारा रस्ता. इमारतीचं तोंड पूर्वेला. पुढे लांबलचक व्हरांडा, त्याला सात कमानी, त्यातली मधली चौथी बाकीच्यांपेक्षा हातभर रुंद. तिच्यातून आत गेलं की साहेबांचा मोठा हॉल, ज्याला लोक आजही इजलास म्हणतात. इजलासाच्या दोन्ही अंगांना खोल्या आणि सगळ्यात मागे जुनी दप्तरं ठेवायचा मुहाफिजखाना. भिंती विटांच्या, चुन्यात बांधलेल्या, दोन फुटांहून जाड. छताला लोखंडी गर्डर आणि दर दोन गर्डरांमध्ये विटांची उथळ कमान, त्यामुळे खालून बघितलं की छत पन्हाळी पत्र्यासारखं दिसतं. जमिनीला शहाबादी फरशी.

ज्या कुणी ही इमारत काढली त्याला ऊन कळत होतं. लोक सकाळी लवकर येऊन बसतात तेव्हा थंडीत व्हरांड्यात कोवळं ऊन असतं. कचेरी उघडेपर्यंत सूर्य कमानींच्या वर गेलेला असतो आणि मग दिवसभर सावली. मे महिन्यात वीज गेली तरी इजलासात माणूस तासभर बसू शकतो. मी आजवर ज्या काचेच्या इमारती बांधून घेतल्या आहेत त्यांच्यात वीज गेली की दहा मिनिटांत सगळे जिन्यात येऊन उभे राहतात.

जोतं मात्र मला कधी आवडलं नाही. काळ्या दगडाचं चार फूट जोतं आणि त्याला सात पायऱ्या. गावाला नदी नाही, ओढा आहे तोही पार पलीकडे, म्हणजे हे पुरासाठी नव्हतं. अर्ज घेऊन आलेल्या माणसाने खाली उभं राहावं आणि कारकुनाने वरून बघावं यासाठी होतं. माझे आजोबा गावची तराळकी करायचे. गावचे कागद डोक्यावर घेऊन ते इथवर चालत यायचे आणि पायऱ्यांच्या खाली थांबायचे. वरून कुणीतरी कडेला येऊन कागद घ्यायचं. मनाईचा फलक वगैरे नव्हता, लागतही नव्हता. म्हणून शहरातली हौशी मंडळी इथे येऊन फोटो काढतात आणि "काय शान आहे" म्हणतात तेव्हा मला चीड येते. या शानीचा चटका ज्यांना बसला त्यांची नात मी आहे.

माझे वडील, अण्णा, हे त्याच व्हरांड्यात बसतात. मॅट्रिक झाले, अर्जनवीसाचा परवाना काढला, काही वर्षं समोरच्या लिंबाखाली बसले आणि मग त्यांना पाचवी कमान मिळाली. अर्जनवीस म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारा. वारसाची नोंद, फेरफार, पाणंद अडवली म्हणून तक्रार, जातीच्या दाखल्याचं प्रतिज्ञापत्र, जे म्हणाल ते. दरम्यान चौकातला रस्ता दर चार-पाच वर्षांनी नव्या काँक्रीटचा झाला आणि जुन्यावरच झाला, त्यामुळे सातपैकी चार पायऱ्या रस्त्यात गेल्या. आता तीनच उरल्या आहेत. अण्णा म्हणतात, "आपण वर चढलो न्हाई बाई, रस्ताच वर आला." असं म्हणून स्वतःच हसतात.

व्हरांड्यात कमान हाच पत्ता आहे. पहिल्या कमानीत मुद्रांक विकणारे, दुसरीत टायपिंगवाले, तिसरीत फोटो आणि झेरॉक्स, चौथी मोकळी, पाचवीत अण्णा, सहावीत आणखी एक अर्जनवीस आणि सातवीत वकिलांचे मुन्शी. खेड्यातला माणूस नाव विचारत नाही, "पाचवीत जा" म्हटलं की बरोबर येतो. यातलं काहीही सरकारी कागदावर नाही. कुणाकडे भाडेपावती नाही, करारनामा नाही. कमानीतला माणूस गेला तर वर्षभर तिथे कुणी बसत नाही, शेजारचा रोज सकाळी स्वतःची कमान झाडताना तीही झाडतो. वर्ष झालं की बाकीचे सहा जण चहावर बसून ठरवतात. मी इतकी सरकारी वाटपं पाहिली, पण इतकं बिनतक्रार वाटप दुसरं पाहिलं नाही.

अण्णांची पद्धत ठरलेली. माणसाला आधी सगळं बोलू द्यायचं, मध्ये टोकायचं नाही. तेलुगू बोलणारा असला तर तेलुगूत ऐकायचं, कानडी असला तर मोडक्या कानडीत. जळकोटकडची एखादी म्हातारी अर्धा तास सुनेपासून सुरुवात करून बांधापर्यंत पोचायची. मग अण्णा पाठ मागच्या भिंतीला टेकवायचे, डोळे मिटायचे आणि चार ओळींत तिचं सगळं म्हणणं कागदावर उतरवायचे. शाळा सुटली की मी तिथेच जाऊन बसायची. भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात त्यांची दौत, शिक्का आणि माझा खाऊ असायचा.

मी चौथीत होते तेव्हा किल्लारीचा भूकंप झाला. त्या वेळी मी चाकूरला मामाकडे होते. आम्हाला काही झालं नाही, पण पुढे कित्येक महिने मामाचं सगळं घर पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचं आणि रोज कुणीतरी येऊन सांगायचं की अमक्या गावात दगडमातीच्या भिंतींखाली अमकी गेली. दगड आणि माती माणसं मारते, सिमेंट आणि सळई वाचवते, हे त्या वर्षी आमच्या पिढीने पाठ केलं. नंतर मी लातूरला शिकले, अभियंता झाले. अभ्यासक्रमात चुन्यावर एक प्रकरण होतं. सरांनी "हे परीक्षेला येत नाही" म्हणून सोडून दिलं आणि आम्हीही आनंदाने सोडलं. मी हे सबब म्हणून सांगत नाही. आम्ही सगळे सिमेंटवर इतका विश्वास का ठेवतो ते कळावं म्हणून सांगते.

बारा वर्षांपूर्वी माझी बदली माझ्याच तालुक्यात झाली, शाखा अभियंता म्हणून. कचेरीची देखभाल माझ्याकडे आली. त्या काळात घरी आईची एकच तक्रार असायची, अण्णांच्या सदऱ्याची. चुन्याचा जुना गिलावा झडायचा आणि रोज संध्याकाळी अण्णांची पाठ पांढरी होऊन यायची. "भिंतीला टेकू नका म्हनलं तर ऐकत न्हाईत," असं म्हणत आई सदरा झटकायची. मार्च महिन्यात थोडं अनुदान उरलं होतं. वरून निरोप आला की रंगरंगोटी करून टाका. मी म्हटलं, नुसता रंग कशाला, काम पक्कं करू.

आणि मी ते पक्कं केलं. व्हरांड्याच्या मागच्या भिंतीचा झडणारा चुना छातीच्या उंचीपर्यंत खरवडून काढला. त्यावर सिमेंटचा गिलावा, घोटून गुळगुळीत, वर ऑइल पेंट. जोत्यात फरशीच्या जरा खाली मुठीएवढी भोकं होती, लोखंडी जाळीची. त्यांतून उंदीर येतात, एकदा साप निघाला होता, अशी सगळ्यांची तक्रार होती, म्हणून तीही सिमेंटने बुजवून घेतली. इजलास आणि दोन्ही बाजूंच्या खोल्याही तशाच केल्या. मुहाफिजखान्यापर्यंत पोचेपर्यंत पैसे संपले, ती मागची बाजू राहून गेली. मला त्याची हळहळ वाटली होती.

काम झालं तेव्हा मी फार खूश होते. खोटं कशाला बोलू? सरकारी नोकरीत लागल्यापासून पहिल्यांदा मी केलेलं काम माझ्या घरच्या माणसाच्या उपयोगी पडलं होतं. ज्या जोत्याखाली आजोबा उभे राहिले त्या जोत्यावरची भिंत त्यांच्या नातीने नवी केली, हे मी मनात शंभर वेळा म्हणून घेतलं. अण्णा येईल त्याला दाखवायचे, "बगा, भिंत कशी झाली. आमच्या पोरीनं करून दिली." लोक भिंतीवरून हात फिरवायचे आणि माझ्याकडे बघायचे. दोन वर्षांनी माझी बदली झाली, पुढे बढती मिळाली आणि मी नांदेडला गेले.

मागच्या वर्षी बायपासवर नवी प्रशासकीय इमारत पूर्ण झाली. सगळी कार्यालयं तिकडे जाणार आणि बाजारातल्या जागेवर व्यापारी संकुल येणार, असं ठरलं. त्यासाठी जुनी इमारत कागदोपत्री मारावी लागते, त्याला आमच्या खात्यात निर्लेखन म्हणतात. इमारत दुरुस्तीच्या पलीकडे गेली आहे, वापरायला धोकादायक आहे, असा अभियंत्याचा अहवाल लागतो. तो अहवाल द्यायची पाळी उपअभियंता म्हणून माझ्यावर आली.

अण्णा सत्तरीला आले आहेत. सरकारी माणसं जातील तिकडे अर्जनवीसांना जावं लागणार, हे उघड होतं. ते एकदा शेअर रिक्षाने जाऊन नवी इमारत बघून आले. मी फोनवर विचारलं, कशी आहे?

"लई मोठी हाय. काचा लावल्यात. आमाला बाजूला टिनशेड देऊन राहिले म्हणं."

"मग बसाल का तिथं?"

"बसायला जागा लई हाय बाई. टेकायला न्हाई."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागण्या लिहिल्या, पण स्वतःची मागणी त्यांनी माझ्याकडे कधी केलेली नाही. इमारत पडली तर त्यांचं काम थांबणार होतं, हे मला कळत होतं आणि मला कळतंय हे त्यांनाही कळत होतं.

पाहणीला मी कनिष्ठ अभियंत्याला आणि एका मिस्त्रींना घेऊन गेले. कनिष्ठ अभियंता हुशार, पण घाईचा. त्याने अहवाल गाडीतच मोबाइलवर लिहून ठेवला होता. मिस्त्री म्हातारे, सीमेपलीकडचे, जुन्या मशिदींची आणि गढ्यांची चुन्याची कामं केलेले. त्यांना बोलावणं ही माझी हौस नव्हती, नियमाने एक जाणकार कारागीर लागतो म्हणून बोलावलं होतं.

आम्ही पायऱ्या चढलो तेव्हा अण्णा उठले. "बगा, निवांत बगा. मी च्या पिऊन येतो," म्हणाले आणि निघून गेले.

भिंतीची अवस्था वाईट होती. माझ्या सिमेंटच्या गिलाव्याच्या वरच्या कडेपासून पुढे हातभर ओल चढली होती आणि तिथल्या विटा बोटाने खरवडल्या तरी भुगा होऊन गळत होत्या. पाचव्या कमानीच्या खांबाला, जिथून कमान वळायला लागते तिथे, अंगठा जाईल एवढी भेग होती. इजलासातही तेच. कनिष्ठ अभियंता म्हणाला, "मॅडम, आयुष्य संपलंय इमारतीचं. वयोमान." मी मान हलवली. मलाही तसंच वाटलं.

मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने गिलावा ठोकत ठोकत भिंतीला कान लावला आणि मग छन्नीने हातभर गिलावा उडवला. सिमेंट ताटाएवढ्या खपल्यांनी निघालं. आतली वीट काळी-ओली होती आणि दरजेतला चुना बोटाला चिखलासारखा लागत होता. बाहेर एप्रिलचं ऊन होतं. महिनोन्महिने पाऊस नव्हता.

"ये किसने किया?" त्यांनी विचारलं. ते मला विचारत नव्हते, हवेतच विचारत होते. "पानी नीचे से आताच. जमीन है तो आताच. चूने में से निकल जाता था. अब सिमिट लगाको बंद कर दिये. पानी किधर जाना, बोलो?"

"चुना तर झडत होता," मी म्हटलं.

"झडना उसका कामच है मॅडम. वो झडता, दीवार बचती. दस साल में फिर लगा देना."

मग ते जोत्यापाशी खाली बसले आणि बुजवलेली भोकं त्यांनी बोटाने दाखवली. फरशीखाली पोकळी आहे, या जाळ्यांतून तिथे हवा खेळायची, असं म्हणाले. मी म्हटलं, मुहाफिजखाना बघू. मागे गेलो. तिथली भिंत तेवढीच जुनी, त्याच विटा, तोच चुना. गिलावा झडून खाली पांढरा ढीग झालेला, खालच्या जाळ्या उघड्या. मिस्त्रींनी ठोकलं तेव्हा खणखणीत आवाज आला. मी हात लावला, भिंत कोरडी होती आणि गार होती.

जिथवर माझे पैसे पुरले होते तिथवर इमारत सडली होती. जिथे पैसे संपले होते तिथे ती शाबूत होती. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि कनिष्ठ अभियंत्याला सांगितलं की ऊन लागलं.

निर्लेखनाच्या प्रपत्रात एक रकाना असतो, नादुरुस्तीचे कारण. त्यात आजवर मी स्वतः अनेक वेळा एकच गोष्ट लिहिली आहे, 'वयोमानानुसार'. हा शब्द लिहिला की प्रश्न संपतात. नांदेडला परत आल्यावर मी जुनी मोजमाप पुस्तिका शोधून काढली. बारा वर्षांपूर्वीचं माझं अक्षर, सहीला खाली मोठा फराटा, नव्या नोकरीतला. 'जुना चुन्याचा गिलावा खरवडून काढणे.' 'सिमेंट गिलावा, घोटाई करून.' 'जोत्यातील छिद्रे सिमेंटने बुजविणे, चौदा नग.' चौदाही मी स्वतः मोजली होती.

मी रकान्यात लिहिलं की इमारत मूळची सुस्थितीत आहे, नुकसान चुकीच्या दुरुस्तीमुळे झालेलं आहे, सिमेंट काढून चुन्यात दुरुस्ती केल्यास आणि जोत्यातील वाट मोकळी केल्यास इमारत वापरता येईल, आणि सदर चुकीची दुरुस्ती मी केलेली आहे. सोबत पुस्तिकेच्या पानाची प्रत जोडली. अहवाल गेल्यावर दोन दिवसांनी आमच्या कार्यकारी अभियंता साहेबांनी बोलावलं.

"मॅडम, हे काय लिहिलंय?"

"कारण लिहिलंय, सर."

"हे कारण नाही, हा तुम्ही स्वतःवर गुन्हा नोंदवलाय. वयोमान लिहा आणि मोकळ्या व्हा. निजामाच्या इमारतीला कुणी विचारत नाही, का पडली म्हणून."

"मागची भिंतही निजामाचीच आहे, सर."

"मागची भिंत कोण बघतंय?" मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचे वडील तिथेच बसतात ना? उद्या लोक म्हणतील, बापाची जागा वाचवायला अहवाल फिरवला. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

ते खरंच माझ्या भल्याचं सांगत होते, म्हणूनच मला जास्त लागलं. तीन दिवस मी अहवाल परत घ्यावा की नाही यावर डोकं शिणवलं. वयोमान लिहिलं तर मी स्वच्छ राहणार होते आणि अण्णांची कमान माझ्या चुकीपायी, माझ्याच सहीने जाणार होती. खरं लिहिलं तर माझ्यावर डाग येणार होता आणि वर बापासाठी केलं असंही होणार होतं. चौथ्या दिवशी मला राग आला. लोक काय म्हणतील हे अहवालाच्या कुठल्याही रकान्यात नाही, मग मी ते का भरत बसले होते? मी साहेबांना निरोप पाठवला की अहवाल आहे तसाच राहू द्या.

महिनाभरात कारणे दाखवा नोटीस आली. शासकीय इमारतीचं नुकसान केल्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई का करू नये, सात दिवसांत खुलासा द्या.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. माझी एक वेतनवाढ रोखली गेली. निर्लेखनाचा प्रस्ताव तूर्त परत आला, म्हणजे इमारत पडायची थांबली आहे, वाचली आहे असं अजून म्हणता येत नाही. प्रायोगिक म्हणून व्हरांड्यातलं सिमेंट काढायला परवानगी मिळाली आणि ते काम मिस्त्रींनी केलं. कार्यालयं बायपासला गेली तरी माणसं अजून कमानींत येतात, आणि अण्णा तिथे लिहिलेला अर्ज त्यांच्याकडे देऊन रिक्षाने तिकडे पाठवतात. पण मला सांगायचं आहे ते खुलाशासोबत न गेलेल्या एका कागदाबद्दल.

नोटीस घेऊन मी रविवारी घरी गेले. अण्णांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. अशा नोटिसांना उत्तरं लिहिण्यात त्यांची हयात गेली आहे. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, सगळे त्यांच्याकडे येतात. त्यांनी कागद काढला आणि म्हणाले, "सांग."

मी सांगत गेले आणि ते मध्ये न टोकता ऐकत गेले. माझं संपल्यावर ते खाली मान घालून लिहायला लागले. त्यांच्या प्रत्येक खुलाशाचा शेवट ठरलेला असतो, चूक अनवधानाने झाली असून उदार अंतःकरणाने क्षमा व्हावी ही नम्र विनंती. तिथे येऊन त्यांनी पेन थांबवलं.

"ही ओळ टाकू?"

"नको. अनवधानाने नाही झाली. चांगलं लक्ष देऊन केली."

"हाव," म्हणाले आणि तिथेच खाली रेघ मारली. मी वाचून सही केली. आईने चहा आणला. मला वाटलं काम झालं, पण अण्णा दुसऱ्या कागदावर लिहीत होते.

"हे काय?"

"जोडपत्र. साक्षीदार लागतो. नुसत्या कबुलीजबाबाला वजन न्हाई."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. त्यांचं तेच वळणदार अक्षर, तीच कचेरीची भाषा. मी तो कागद जपून ठेवला आहे, म्हणून शब्दशः देते.

'मी खाली सही करणार, अर्जनवीस, कमान क्रमांक पाच, लिहून देतो की, सदर भिंतीस सिमेंट गिलावा झाल्यानंतर पहिल्याच पावसाळ्यात भिंतीस ओल आली. मी माझे टेबल भिंतीपासून दीड हात पुढे ओढले व मुद्रांक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू लागलो. थंडीत पाठ धरते म्हणून टेकणे बंद केले. याबाबत मी कोणाकडेही तक्रार केली नाही. वेळीच तक्रार केली असती तर इमारतीचे पुढील नुकसान टळले असते. सबब दोष एकट्या अभियंत्याचा नाही. हा जबाब राजीखुशीने लिहून दिला असे.'

मी तो दोनदा वाचला. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, कुणावर ते कळत नव्हतं. मी म्हटलं, हे जोडता येणार नाही, तुम्ही माझे वडील आहात, उलट अंगावर येईल. ते म्हणाले, बघ बाई, तुझा कागद हाय.

"पहिल्याच पावसाळ्यात?" मी विचारलं.

"पैल्याच."

"बारा वर्षं, अण्णा. सगळ्या तालुक्याच्या तक्रारी लिहिल्यात. मला एक फोन करता आला नाही? सांगितलं का नाही?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. आई दारात उभी होती, तीही बघत होती.

"तू लई खूश होतीस," ते म्हणाले.